पांढऱ्या रंगातली पाच बोटे

मित्रांनो, जुळे सोलापुरात एका जिन्याखाली उभी असलेली मी एक जुनी स्कूटर आहे. कारखान्यात मला निळा रंग मिळाला आणि शिवराजच्या घरी माया. तो माझ्यावरून रोज चिंचोळीला कामावर जायचा. त्याची बायको वैजयंती दर खंडेनवमीला गोड्या तेलात कुंकू कालवून माझ्या पुढच्या पत्र्यावर पाच बोटे उमटवायची. "पाण्यातलं पावसानं जातंय. तेलातलं टिकतंय की!" म्हणायची. तिची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती. चार बोटे सरळ, एक बाहेर वळलेले. तीच माझी खूण.

यंदा उन्हाळ्यात वैजयंती तापाने गेली. मग मला कुणी पुसले नाही. पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले.

एक दिवस त्यांची सहा वर्षांची लेक चेतना शाळेतून रडत आली. "पोरी म्हणतात, तुझ्या गाडीला खरूज झालीय!"

शिवराजने मला अंगणात घेतले. पॉलिश पेपरने वरवर घासले, दिव्याला वर्तमानपत्र चिकटवले आणि पांढरा रंग फवारला. मी नवरीसारखी दिसू लागले.

सकाळी त्या पांढऱ्यातून पाच तांबूस बोटे वर आली होती. करंगळी वाकडी.

शिवराजने घाईघाईने पुन्हा रंग मारला. पुन्हा बोटे आली, आणि या वेळी खाली तळहातही होता. मित्रांनो, वैजयंतीने माझ्यावर तळहात कधीच टेकवला नव्हता.

"भंगारात घालतो हिला," शिवराज पुटपुटला.

चेतनाने माझे हँडल घट्ट धरले. "आईला भंगारात घालतोस व्हय?"

शेजारचे शरणप्पा कुंपणावरून हसले. "खुळा का काय रे तू? तेल मुरलंय पत्र्यात. त्यावर रंग धरतोय व्हय? थिनरनं पूस, पार पत्र्यापतुर घास."

"आन् तळहात, अण्णा?" शिवराजने विचारले.

शरणप्पांचे हसू मावळले. "त्ये मला न्हाय ठावं," म्हणत ते घरात गेले.

शिवराजने चिंधी थिनरमध्ये बुडवली. माझे सारे अंग पुसले, घासले. त्या पंजापाशी मात्र त्याचा हात थबकला. त्याने हळूच पंजाभोवती चिकटपट्टी लावली. "तेवढं ऱ्हाऊ दे," म्हणाला.

मग पुन्हा फवारलेला रंग बाकी अंगावर छान बसला. खंडेनवमीला चेतनाने आपली इवलीशी बोटे तेलातल्या कुंकवात बुडवून त्या पंजावर ठेवली. तिची करंगळी सरळ आहे. हात उचलला तेव्हा तिच्या इवल्या ठशातली करंगळी बाहेर वळलेली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर नवा रंग चढवण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. तिला कुणीतरी अजून धरून असेल.

आता चेतना रोज माझ्यावर शिवराजच्या पुढ्यात उभी राहून शाळेला जाते. वळणावर तिचा तोल जातो, आतून तिचे गुडघे पत्र्याला टेकतात आणि बाहेरून तो तळहात उबदार होतो.