वायरीत अडकलेला श्याम

सहदेव महाराजांनी हात वर करताच पटांगणातल्या सगळ्यांनी मोबाइल बंद केले. घरचे वायफायचे डबे लोक आधीच बंद करून आले होते. महाराज पुटपुटले, राख फुंकली, आणि नेटला जोडलेल्या मोठ्या पडद्यावर माझा भाऊ श्याम न अडकता बोलू लागला.

"जीव सुटला!" अख्खं हिवरखेड ओरडलं. मला काहीच वाटलं नाही. अपघातात श्याम गेल्यापासून मला काही वाटतच नव्हतं.

त्याने नेटवर टाकलेले व्हिडिओ माझी आई मैनाबाई रोज संध्याकाळी लावायची. नेमकं तेव्हाच चित्र थांबायचं, तोंड अर्धवट उघडं. पटांगणात श्याम बोलल्यावर महाराज तिला म्हणाले, "पोराचा जीव वायरीत अडकला. आज सोडवला, उद्या पुन्हा अडकंल. तू इन्सुलिन टोचू नको, सुईनं वायर तुटते."

आईने इन्सुलिन सोडलं. दोन दिवसांत तिला उभं राहवेना. मी अकोल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझं तिने ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी आईला बाजेवर घालून पटांगणात आणलं, तेव्हा मी उभी राहिले. "महाराज, आज मंत्र म्हणा, पण लोकांचे मोबाइल आणि घरचं वायफाय चालू राहील."

"बाई, तुले भरोसा नाही, म्हणून..."

"मले पाहू द्या," बाजेवरून आईच म्हणाली.

लोक घरी जाऊन वायफायचे डबे चालू करून आले. महाराजांनी घसा बसेपर्यंत मंत्र म्हटले. श्याम अडकलेलाच राहिला. मग मी महाराजांना गप्प बसवलं आणि पडद्याचं नेट सोडून सगळं बंद करायला लावलं. थोड्याच वेळात श्याम हसला.

मग मी सांगितलं, "गावात येणारी नेटची वाट एकच. संध्याकाळी सगळे एकदम पाहायला बसतात, तेव्हा वाटेवर दाटी होते. कंपनीची यंत्रं मग मेसेज आणि फोन आधी सोडतात, व्हिडिओ मागे ठेवतात. जास्त डेटा ओढणाऱ्याचा वेगही कमी करतात. महाराजांनी फक्त दाटी हटवली."

"म्हणून मेसेज येते अन् श्यामच अडकून राहते?" आईने विचारलं.

"हो."

"मंग तो वायरीत नाही?"

"नाही, आई."

"कुठं हाय?"

"कुठंच नाही."

तिने हात करून व्हिडिओ बंद करायला लावला. मग म्हणाली, "घरी चाल. सुई दे मले."

महाराज सकाळच्या जीपने परतवाड्याकडे गेले. मला ना राग आला, ना आनंद झाला.

एवढंच सांगते: माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, पण म्हणून त्याच्या नावावर सांगितलेलं सगळंच खरं मानू नका. चमत्कार दिसला तर चमत्कार करणाऱ्याला बाजूला बसवा आणि तेच पुन्हा करून पाहा. औषध मात्र एक दिवसही सोडू नका.