पादचारी पुलाची सुनावणी

बेकरीवाला शर्ट घेऊन आला, तेव्हाच शिवणवालीनं ओळखलं की काम शर्टाचं नाही. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. बटणं जागच्या जागी होती, शिवण कुठं उसवलेली नव्हती.

"यात दुरुस्त काय करू?"

"ते... कॉलर जरा..." तो अडखळला.

"भाऊजी, पुलाचं बोलायला आलात ना? मग बसा आणि बोला."

बेकरीवाला मशीनसमोरच्या स्टुलावर टेकला. आतल्या खोलीत तिच्या सासूबाई होत्या आणि दार अर्धवट उघडं होतं.

नदीवरचा तो लोखंडी पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा. समोरासमोर दोघं आले तर एकानं अंग चोरायचं, एवढीच त्याची रुंदी. पणजोबांच्या काळापासून माणसं त्यावरून जात होती. अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा आणि दवाखाना. शिवणवालीचा नवरा त्या शाळेत शिपाई होता. पुलाची एक फळी मोडलेली होती, म्हणून तो रोज सकाळी तिथं उभा राहून पोरांना हात धरून पार करायचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पायाखालची फळीही कुजलेली निघाली. पोर वाचलं, तो नदीत गेला.

त्यानंतर पूल बंद झाला आणि नगरपालिकेनं तो पाडायचं ठरवलं. मोठ्या रस्त्यावरचा वळसा घेता घेता म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. पाडायला यंत्र आलं, त्या सकाळी बेकरीवाल्यानं दुकान तसंच टाकलं आणि सगळी गल्ली पुलाच्या तोंडाशी बसवली. बायका निवडायचे तांदूळ घेऊन बसल्या होत्या. यंत्र परत गेलं आणि वरच्या अधिकाऱ्यानं सुनावणी लावली. त्या साऱ्या गडबडीत शिवणवालीच्या दाराशी मात्र कुणी फिरकलं नव्हतं. कोणत्या तोंडानं फिरकणार?

"वहिनी," बेकरीवाला शेवटी म्हणाला, "आम्ही पूल वाचवतोय, ते तुम्हाला बोचत असेल. तुम्ही नको म्हणालात तर मी यातून अंग काढून घेतो. एवढंच विचारायला आलोय."

ती काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "पाडा म्हणावं त्या मेल्याला! माझा लेक गिळलाय त्यानं."

बेकरीवाला शर्ट तिथंच विसरून गेला.

सुनावणीच्या दिवशी शिवणवाली कुणाला न सांगता गेली आणि मागच्या बाकावर बसली. बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. नगरपालिकेचा वकील उभा राहिला. मऊ आवाजाचा माणूस होता. "साहेब, या पुलानं एका घरातला कर्ता माणूस नेला," तो म्हणाला. "त्या विधवेच्या दुःखाचा तरी मान राखायला हवा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण कधी उभ्या राहिलो ते तिलाही कळलं नाही.

"ती विधवा मी," ती म्हणाली. "माझ्या दुःखाचं मला विचारलंत का कुणी?"

सगळ्या माना वळल्या. अधिकाऱ्यानं तिला पुढं बोलावलं. ती नगरपालिकेच्या वकिलाकडे वळली.

"फळी मोडली तेव्हा हे तुमच्याच ऑफिसात आले होते. मी बरोबर होते. बघू म्हणालात. परत आलो. साहेब मीटिंगला गेलेत म्हणालात. म्हणून हे स्वतः तिथं उभे राहायला लागले. पूल काय, लोखंड आणि लाकूड. त्याला बोलता येत नाही. तुम्हाला येत होतं. पाडायचा तर पाडा, पण ह्यांच्या नावानं पाडू नका. ह्यांना तो नीट करून हवा होता."

एवढं बोलून ती बाकावर जाऊन बसली. अधिकाऱ्यानं नगरपालिकेच्या इंजिनिअरला विचारलं, "दुरुस्त होऊ शकतो?" इंजिनिअर वकिलाकडे न बघता म्हणाला, "होतो, साहेब. तेव्हाही झाला असता."

पूल न पाडता दुरुस्त करायचा हुकूम झाला. बाहेर लोक तिच्याभोवती जमले, पण टाळी कुणी वाजवली नाही.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आई..."

"आई म्हणू नकोस मला. लेकाच्या मारेकऱ्याची बाजू घेतलीस तू."

पुढं कित्येक दिवस त्या घरात ताटलीचा आवाज व्हायचा, माणसांचा नाही. शिवणवालीनं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. आपलं चुकलं असं तिला वाटत नव्हतं, आणि सासूबाईंचं चुकतंय असंही म्हणवत नव्हतं. ती मशीनवर बसायची, पाय चालवायची आणि मधेच शिवण चुकून ती उसवत बसायची.

पूल खुला झाला, त्या दिवशी ती घरीच राहिली. त्यानंतरच्या एका सकाळी सासूबाई लुगडं नेसून, चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"कुठं पडला तो, ते मी पाहिलं नाही अजून. दाखव."

दोघी गेल्या. मधोमध, जिथं नव्या फळ्या जुन्यांपेक्षा पिवळट दिसत होत्या, तिथं शिवणवाली थांबली. "इथं." सासूबाईंनी कठडा धरला आणि खाली वाहत्या पाण्याकडे बघत राहिल्या. मागून शाळेची पोरं आली. पुढं जायला वाट नव्हती. एरवी दंगा करणारी ती पोरं गुपचूप थांबली. कुणी "आजी, सरका" म्हणालं नाही.

आपण सासूबाईंना सावरायचं, असं घरून निघताना शिवणवालीनं ठरवलं होतं. पण झालं उलटंच. ती फळ्यांवर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सासूबाई वाकल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"ऊठ," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "पोरांना शाळेला उशीर होतोय."