भोंग्यानंतरची सोळा आवर्तनं

शेगडीवर हलगी तापतेय.

तांब्यातलं पाणी कोमट होत चाललंय.

दारातल्या पोस्टरवर लिहिलंय: विश्वजित आणि मंडळी. जॅझ. सगळ्या रचना स्वतःच्या.

पहिल्या रांगेत एक आजोबा भडंगाची पुडी सोडतायत.

डाव्या हाताची अनामिका बधिर.

पडद्यामागं विश्वजितनं डावा हात तांब्यातून काढला, बोटं एकेक करून गिटारच्या तारेवर दाबली. अनामिकेखाली तार नुसतीच खरखरली. तीन आठवडे हेच. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मंडळी उरेल, विश्वजित उरणार नाही.

"हात शिजाय घातलाय काय, पावणं?" हलगी उलटी करत गुंडू म्हणाला.

"गार पडलाय."

"एप्रिलात?" बेस गिटारचा पट्टा खांद्यावर घेत स्नेहलनं विचारलं.

विश्वजितनं तांब्या खुर्चीखाली सरकवला. "'भोंगा' आज राहू दे का?"

"राहू दे कसं? तुझ्या बिद्रीची माणसं त्याच्यासाठीच आलीत की," स्नेहल म्हणाली.

गावच्या साखर कारखान्याच्या भोंग्यावरून त्यानं ती रचना बांधली होती. सुरुवातीला तिघं मिळून भोंगा वाजवायचे, मग सोळा आवर्तनं एकटी गिटार. ती संपली की तो मान हलवणार, तेव्हाच बाकीचे दोघं आत येणार. त्याच्या मानेशिवाय कुणी यायचं नाही, हा नियमही त्याचाच.

भोंगा वाजला. थांबला.

पहिलं. दुसरं.

तिसरं: बोट तारेवर गेलं, दाबलंच नाही.

चौथं: तीच जागा, पुन्हा रिकामी. आजोबांचा हात पुडीतच थांबला.

पाचवं.

विश्वजितची मान ताठ होती. तरी हलगी कडाडली. पाठोपाठ स्नेहलच्या बेसवर त्याचीच धून, जाड आवाजात, एकही सूर न चुकता. त्यानं दोघांकडं पाहिलं. दोघंही भलतीकडंच बघत होते. उरलेल्या बोटांनी तो मागून आधार देत राहिला, सोळाव्यापर्यंत. टाळ्या थांबेनात.

पडद्यामागं त्यानं गुंडूला गाठलं.

"मी मान हलवली नव्हती."

"न्हाई हलवलीस. चुकलं माझं." गुंडू कोरडीच हलगी पुसत राहिला.

"आणि तू?"

"मी त्याच्यामागनं आले." स्नेहलनं खुर्चीखालचा तांब्या उचलला. "गरम पाणी आणू?"

मंगळवारी दुपारी त्या दोघांनी 'भोंगा' गिटारशिवाय अकरा वेळा वाजवला होता.