पेटीचे पैसे

"आजी, खात्यात काहीच नाही," काचेपलीकडची मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर प्रेरणा असे नाव होते.

चंपाबाईने पदराने तोंड पुसले. "नीट बघ माय. महिला मंडळाचं खातं हाय. विहारातल्या बायांचं. मनकर्णाबाई अन् म्या, दोघींच्या सह्या हायेत."

"तेच बघतेय."

"मग काढले कोणी?"

"कोणीच नाही काढले. हे बँकेचे चार्जेस आहेत. मंडळाचं खातं म्हणजे शिल्लक जास्त ठेवावी लागते. ती नव्हती, म्हणून दंड. शिवाय मेसेजचे पैसे, वर्षाचे पैसे. होता होता संपले."

"मेसेज? मला तर एक नाय आला."

प्रेरणाने पडद्यावर बघून नंबर वाचला. चंपाबाईला तो नंबर ऐकून ओळखता आला नाही, पण शेवटचे दोन आकडे ओळखीचे वाटले. तो मनकर्णाच्या नवऱ्याचा होता. तेव्हा घरात तेवढाच एक फोन होता. माणूस करोनात गेला, त्याच्या मागे फोनही बंद झाला.

"म्हणजे मेलेल्या माणसाला मेसेज धाडायचे पैसे आमच्याकडून घेतले व्हय तुम्ही?"

मुलगी ओशाळली. ती बिडकीनहून रोज येणारी, नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही मधून मधून पासबुक भरून घ्यायला हवं होतं."

पासबुक का भरले नाही हे काचेतून सांगण्यासारखे नव्हते.

तिच्या वस्तीत मयत ठेवायची थंड पेटी नव्हती. चतुराबाईचा नवरा मोतीराम ऐन वैशाखात वारला. मुलगी पुण्याहून येईपर्यंत त्याला बर्फाच्या लाद्यांवर ठेवले होते. भुसा कालवलेले पाणी गल्लीभर झाले. मुलगी आली तेव्हा बायांनी तिला धरून ठेवले, पण तोंडावरचे कापड काही काढू दिले नाही. ती पोरगी "एकदा बघू द्या" म्हणत उंबऱ्यावर डोके आपटत होती. त्या आठवड्यात विहारात बायांनी ठरवले, आपल्या वस्तीची पेटी घ्यायची. कोणापुढे हात पसरायचा नाही. धुणीभांडी करणाऱ्या, कंपन्यांच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया, जमेल तसे देत गेल्या. मनकर्णा आणि चंपाबाई वाळूजच्या एकाच कँटीनमध्ये होत्या. पैसे त्यांच्याकडे सांभाळायला दिले.

खाते उघडताना बँकेतल्या साहेबाने विचारले होते, दोघींच्या नावावर साधे खाते काढता का, त्याला शिल्लक लागत नाही, फुकटातले आहे. मनकर्णाने मान ताठ केली. "फुकटातलं नको साहेब. मंडळाच्या नावाचं, कायद्याचं द्या." चंपाबाईला तेव्हा तिचा किती अभिमान वाटला होता.

आणि पासबुक? ते चंपाबाईच्या ट्रंकेत, पांढऱ्या साडीच्या घडीत होते. मयतीच्या पैशाचे पासबुक उगीच बाहेर काढायचे नाही, काढले की वस्तीत कोणीतरी जाते, असे बायांनी कधी बसून ठरवले नव्हते. विहारात भंतेजींपुढे हे कोणी बोललेही नसते. आपण असले काही मानत नाही, हे प्रत्येकीला पाठ होते. पण एकदा पोरे म्हणाली, "आजी, दाखव ना किती झाले," तेव्हा चतुराबाईच ओरडली होती, "ठिव ते आत! कोणाच्या जिवावर उठलीस?" ते आत गेले ते आतच राहिले.

आता मनकर्णाला अर्धांगाचा झटका आला होता. जीभ गेली होती, उजवा हात गेला होता. ऊन चढायला लागले होते. पेटीचे नाव कोणी घेतले नाही, पण एका दुपारी चतुराबाई येऊन म्हणाली, "बँकेत जाऊन ये बाई एकदा." चंपाबाई मागच्या गल्लीने गेली. मनकर्णाच्या दारावरून पासबुक न्यायला तिचे मन झाले नाही.

*

"बँक पैसे खाती व्हय?" विहाराच्या ओट्यावर चतुराबाई म्हणाली. "माझ्या खात्यातून तर कधी काय गेलं नाय. हिच्याही नाय. ह्या सगळ्यांना विचार."

"तुमचं खातं येगळं हाय. ते बिनपैशाचं."

"बिनपैशाच्या खात्यातले पैसे राहत्यात, अन् पैशाच्या खात्यातले जात्यात? लई भारी बँक हाय तुझी."

बाया हसल्या. चतुराबाईची नात संस्कृती अकरावीला होती. तिने पासबुकाची नवी छापलेली पाने उलटसुलट केली आणि म्हणाली, "ह्यात नुसतीच अर्धी अर्धी इंग्रजी अक्षरं आहेत. कोणी घेतले ते कुठं लिहिलंय?"

"घराला स्लॅब कधी टाकला गं चंपाबाई?" मागून कोणीतरी विचारले.

"माझ्या आकाशनं कंपनीतून कर्ज काढलं. तुला ठाव नाय?"

"नाय बाई. मला कुठं काय ठाव असतं?"

चंपाबाई उठली. स्लॅबचे कागद आणून दाखवावेत असे तिच्या मनात आले. मग वाटले, एक कागद दाखवला तर उद्या दुसरा मागतील. ती मनकर्णाकडे गेली. खाटेच्या कडेला बसून तिने सगळे सांगितले. मनकर्णाने डाव्या हाताने तिचे मनगट धरले आणि सोडलेच नाही. तिला सगळे समजले होते. पण ते विहारात येऊन सांगणार कसे?

*

संघपाल पेढे घेऊन आला. तो वाळूजला पाळीवर जायचा आणि उरलेल्या वेळात खातेदार संघर्ष समिती चालवायचा. बँका गरिबांकडून घेतात तो दंड बंद करा, म्हणून तो वर्षानुवर्षे कलेक्टर कचेरीसमोर बसला होता. उन्हात बसून बसून त्याचे फलक पांढरे पडले होते.

"मावशी, तोंड गोड करा. मर्यादा आली! सरकारनं दंडावर हद्द घातली. आता एवढ्याच्या वर बँकेला कापता येणार नाय."

चंपाबाईने पेढा हातातच धरला. "आमचे देतील का परत?"

"मागचे नाय. पुढच्या महिन्यापासून."

"मग पुढं तरी मंडळाच्या खात्यातून कापणार नाय ना?"

संघपाल घुटमळला. "सध्या एकेकट्याच्या खात्यालाच आहे. मंडळं, गट, संस्था पुढच्या टप्प्यात घेऊ म्हणाले."

"म्हणजे कापणारच."

"मावशी, सगळं एकदम मिळत नसतं. आम्ही दंडमाफी मागितली तर हे मर्यादेवर आले. आता मर्यादा पदरात पाडून घ्यायची, मग माफी, मग परतावा. पायरी पायरीनं जायचं."

"संघपाल, चोरानं किती न्यायचं ते ठरवून दिलंय तुम्ही. अन् वर पेढे वाटायलास."

तो रागावला नाही. त्याला हे पुष्कळांनी ऐकवले असावे. "खरं हाय. पण काल ते पण नव्हतं."

मग त्याने खरे काम काढले. इथले पुढारी आप्पासाहेब चौकात सभा घेणार होते. मर्यादा आणायला त्यांनी वर शब्द टाकला होता, निदान असे ते म्हणत होते. त्यांना मंचावर नुकसान झालेली एक बाई हवी होती.

"म्या कशाला? मला काय मिळालं?"

"तुमच्यावर आळ आलाय ना? ते माइकवरून सांगतील, पैसे बँकेनं कापले, ह्या बाईनं नाय. आप्पासाहेब बोलले तर सगळी वस्ती ऐकंल. मी शब्द घेतलाय त्यांचा."

चंपाबाई रात्रभर विचार करत राहिली नाही. तिने तिथेच होय म्हटले. तिला एवढेच पाहिजे होते. पेटी नाही तर नाही, पण चतुराबाईने एकदा आपल्याकडे सरळ बघावे.

*

आप्पासाहेब बोलायला उभे राहिले. शेतीवाडी, पेट्रोल पंप, आता दोन शाळा, असा माणूस. आवाज चांगला होता.

"ही माउली बघा! भांडी घासून बायांनी पैसा जमवला, अन् बँकेनं तो गिळला. ह्या माउलीनं नाही, बँकेनं!"

चंपाबाईच्या छातीवरचा दगड उतरला. समोर बायांच्या घोळक्यात चतुराबाई बसली होती. तिने मान वर केली होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांनी आप्पासाहेब पुढे गेले.

"पण आपलं सरकार गप्प बसलं का? आपण गप्प बसलो का? बँकेला झुकवलं! चंपाबाईंना न्याय मिळाला! ह्या गरिबाची पै न् पै परत आणून दाखवली!"

त्यांनी एक लांब पांढरे पाकीट तिच्या हातात दिले आणि हात तसाच धरून ठेवला. समोरून फोटो निघत होते. टाळ्या थांबेनात. चंपाबाईने पाकीट बोटांनी चाचपले. आत कागद होता.

तिने संघपालकडे बघितले. आता माइक त्याच्या हातात होता.

"जयभीम," तो म्हणाला. आप्पासाहेब त्याच्याकडे हसून बघत होते. "आप्पासाहेबांनी सगळं सांगितलंच आहे. ही सुरुवात आहे. पुढच्या टप्प्यासाठी त्यांची साथ अशीच राहावी." आणि तो खाली बसला.

मंचाच्या मागे चंपाबाईने त्याच्यापुढे पाकीट फोडले. मर्यादेची माहिती छापलेला कागद निघाला.

"काहून नाय बोलला?"

"मावशी, तिथं त्यांना खोटं पाडलं असतं तर मंडळांचा टप्पा गेला असता. सगळ्या तालुक्यांतल्या बायांची मंडळं हायेत त्यात. म्या उद्या वस्तीत येऊन समजावून सांगतो."

तो आला. दुसऱ्या दिवशी नाही, पण आला. बायांनी त्याला चहा दिला, त्याचे सगळे ऐकून घेतले. तो गेल्यावर चतुराबाई म्हणाली, "त्याचीच मावशी ना ती. तिचीच बाजू घेणार."

तोवर चौकात फ्लेक्स लागला होता. आप्पासाहेब, चंपाबाई, आणि दोघांच्या हातात मधोमध ते पाकीट. बाया पाण्याला जाताना त्याखालून जायच्या. आधी त्या विचारत होत्या, पैसे गेले कुठे. आता विचारायच्या, मिळाले ते कुठे ठेवलेस. चंपाबाईने छापील कागद घरोघर नेऊन दाखवला. एका दारात तो हातात न घेताच उत्तर मिळाले, "पाकिटात कागदच असतो बाई. चेक पण कागदाचाच असतो."

नंतर नंतर कोणी विचारीनासे झाले. ते जास्त वाईट होते. वस्तीत बाईमाणूस गेले की आंघोळ घालायला चंपाबाईला बोलावणे यायचे, कित्येक वर्षांची रीत होती. चैत्रात कोपऱ्यावरची म्हातारी गेली, तेव्हा बोलावणे आले नाही.

*

मनकर्णा वैशाखातच गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. मुलगी सुलेखा सुरतेला होती. निघाली म्हणाली, पण पोचायला संध्याकाळ होणार. शहरातल्या दोन्ही पेट्या दुसरीकडे गेलेल्या होत्या.

चंपाबाईने आकाशला फोन केला. दोघे माय-लेक रिक्षातून वाळूजच्या बर्फाच्या कारखान्यावर गेले आणि लाद्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. दारात मांडव घातला होता. पोरांनी सावलीसाठी चौकातला फ्लेक्स काढून बांबूंना ताणला होता. पाठ उन्हाकडे आणि चित्र खाली. मांडवात बसलेल्या बायांच्या डोक्यावर आप्पासाहेब हसत होते, आणि चंपाबाई पाकीट घेत होती.

बायांनी वर बघितले, मग तिच्याकडे.

"ठिव तिथंच," चतुराबाई म्हणाली.

लाद्या आत गेल्या. चंपाबाईला कोणी आत बोलावले नाही आणि बसायला कोणी सरकले नाही. ती मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून मनकर्णाची फक्त पावले दिसत होती. बर्फ वितळला की ती खिडकीतून आकाशने आणलेला नवा तुकडा आत द्यायची. आतून एक हात यायचा, तो घ्यायचा. "मानेखाली द्या," ती सांगायची. "तोंडाला लावू नका, पाण्यानं चेहरा सुजतो. कापड पिळून घ्या." आतून उत्तर येत नसे, पण कापड पिळल्याचा आवाज यायचा.

दुपार कलली. पाणी उंबऱ्यावरून गल्लीत यायला लागले. चंपाबाई पुढे आली, रिकामे गोणपाट तिने उंबऱ्याला आडवे लावले, भरले की पिळले, पुन्हा लावले. सुलेखाने त्या पाण्यात पाय देऊ नये, एवढेच तिच्या मनात होते.

रिक्षा थांबली. सुलेखा उतरली, धडपडत मांडवातून गेली. बाया उठल्या. दार बायांनी भरून गेले. चंपाबाईला काही दिसेना. ती ओले गोणपाट हातात घेऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली.

आतून चतुराबाईचा आवाज आला, "बघ. बघ बाई. कशी निजली बघ."

आणि सुलेखाचा हंबरडा फुटला, "आई, डोळे उघड ना गं! माझ्याकडं बघ ना!"

चंपाबाईने श्वास सोडला. तोंडावरचे कापड काढले होते.

कोणी वळून बघितले नाही. डोक्यावरचा फ्लेक्स वाऱ्याने फडफडला. तिने गोणपाट घट्ट पिळले आणि ते वाळत घालायला मांडवाबाहेर, कलत्या उन्हात गेली.