समोरच्याचं म्हणणं

वाळ्याच्या ओल्या ताटीतून गाळून आलेला वैशाखाचा उजेड विमलबाईंच्या चेहऱ्यावर हिरवट थरथरत असे, आणि खाली गांधीबागेच्या कापडबाजारातली हातगाड्यांची खडखड, हमालांच्या आरोळ्या, कोऱ्या कापडाचा खळीचा वास हे सारं जणू त्यांच्या परवानगीनेच माडीवर येई. समोरचा माणूस संतापला की त्या तळहात कागदावर पालथा ठेवीत, मान किंचित तिरकी करीत. वाऱ्यात ज्योतीला आडोसा धरावा, तसं ते ऐकणं होतं. मला पहिल्या दिवशी त्याचा रागच आला. एवढं शांत राहणं परवडतं कोणाला?

त्या माडीवर दर रविवारी काही माणसं जमून शहराचा कोश रचीत: वस्त्या, विहिरी, बाजार, हातमाग. नोंद कुणीही लिहावी, समासात हरकत कुणीही घ्यावी. नव्या माणसांना नीट भांडायला शिकवण्याचं काम शाळेत शिकवणाऱ्या, आमच्याच वस्तीतल्या विमलबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आणि मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला; माझं प्रत्येक वाक्य मूठ आवळूनच उभं राही.

वाडीच्या रस्त्यावरच्या जुन्या विहिरीची नोंद मी लिहिली: 'हिला आमच्या माणसांना हात लावू देत नसत.' महाल भागातले देशकरकाका, निवृत्त कारकून, यांनी समासात लिहिलं: 'माझं आजोळ तिथलं. कुणी तहानलेलं परत गेलेलं मी पाहिलं नाही.' मी ती हरकत शाईने आडवी खोडली आणि वर लिहिलं, 'माजोरी असत्य!' पत्रकात ते शोभलं असतं. कोशात मात्र दुसऱ्याची हरकत खोडली की खोडणाऱ्याची नोंद बाजूला पडे. हरकत घेणाऱ्याने स्वतः हरकत मागे घेतली तरच ती नोंद छापखान्यात जाई. मजकूर दुसऱ्या दिवशी जायचा होता. गोदामासाठी विहीर बुजवायलाही सुरुवात झाली होती. उद्या साक्षीला दगड नसणार. उरलं तर माझं ते एक वाक्य, आणि तेच मी माझ्या हाताने अडकवून ठेवलेलं. त्या दुपारी बाईंनी मला आणि काकांना समोरासमोर बसवलं.

बाईंची रीत अशी की, उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि ते असं की त्यानेच म्हणावं, 'हो, हेच.'

"त्यायचं म्हननं मी काहून बोलू, बाई?"

"खोडाचं हाय ना तुले? मंग आधी पुरतं बोल गा."

"पत्रकवाला काय बोलणार!" काका म्हणाले. "याला घोषणा द्यायला सांगा, त्या तेवढ्या पाठ असतील."

"काका, आताच काहून हासून राहिले? तुमचीबी पाळी हाय."

मी बोललो. प्रत्येक शब्द जिभेवर खड्यासारखा लागत होता. "तुम्ही लहान होता. आजोळी पाण्याला कुणी नाही म्हटलेलं तुम्ही पाहिलं नाही. मी विहिरीबद्दल लिहितो तेव्हा तुमच्या आजीलाच दुष्ट म्हणतो, असं तुम्हाला वाटतं."

काका दचकले. "हो," ते हळूच म्हणाले, "हेच."

मग त्यांची पाळी. ताटीतून थेंब ठिबकत होते, आणि माझं वाक्य आता एका परक्या माणसाच्या ओठांवर लटकलं होतं.

"यांचं म्हणणं... पाणी मिळे, पण यांना काढता येत नसे. हे खाली, दूर उभे. कुणीतरी वरून ओतेपर्यंत..." काका थांबले. चष्मा काढून हातात धरला. "मी ओतणाऱ्यांच्या बाजूला होतो, बाई. किती वेळ उभे राहत असतील, ते नाही मला ठाऊक."

"लय येळ, काका," बाई म्हणाल्या. कागदावरचा तळहात हलला नाही, पण आवाज पातळ झाला होता. "कधी कधी माही शाळा बुडे."

इतके रविवार ही बाई आमच्या मध्ये बसून दोघांचं ऐकत होती!

काकांनी हरकत मागे घेतली. नोंद छापली गेली: 'पाणी मिळे, काढण्याची मुभा नसे, पुष्कळ वेळ तिष्ठावं लागे.' मला ते मवाळ वाटलं, अजूनही वाटतं. ते तिघांनी मिळून लिहिलं आहे, एवढ्यासाठीच मी त्याला हात लावीत नाही.

श्रावणात बाईंची बदली काटोलला झाली. विहिरीच्या जागी आता मालट्रक उभे असतात. माणसं जातात, पाणी बुजतं, काळ कुणाकडेही वळून न पाहता पुढे निघून जातो. आणि एका मुलीने दूर उभं राहून काढलेल्या त्या साऱ्या सकाळी, ज्यांची शाळेची घंटा केव्हाच होऊन गेली, कोशातल्या त्या एका वाक्यात अजून तिष्ठत राहतात.