खिडकीजवळची मीटिंग

धाकट्याने नोकरी सोडून घरून प्रोग्रॅमिंगची स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्याला वाटलं, साहेब गेला, सुंठीवाचून खोकला गेला. साहेबाबरोबर चहाला हाक मारणारेही गेले, हे मागाहून ध्यानात आलं. कोड चालला तर सांगायला कोणी नाही, नाही चालला तर खापर फोडायलाही कोणी नाही. मग तो वहिनीला सांगू लागला. वहिनी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि घरी येऊन दिराला मिटायला लावायचं, अशी तिची गत झाली.

"भावजी, तुमच्या धंद्यातली माणसं शोधा," ती एकदा म्हणाली. "काल तुम्ही फ्रिजला समजावून सांगत होतात."

"त्याला कळत होतं," धाकटा म्हणाला.

पण बोलणं मनाला लागलं. एकेकटे काम करणारे आणि छोट्या कंपन्या एकत्र बसतात अशा एका ऑफिसात त्याने टेबल भाड्याने घेतलं. तिथे सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. यानेही लावले, पण काही न वाजवता. न जाणो, कोणी हाक मारली तर.

एका सकाळी तो पाण्याची बाटली भरायला खिडकीजवळ गेला. तिथे तिघं जण गोल करून उभे होते: एक दाढीवाला, एक चष्मेवाली आणि हातातला मग कधी खाली न ठेवणारा एक जण. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे प्रत्येक जण सांगत होता. धाकट्याच्या जुन्या ऑफिसातही रोज सकाळी अशीच उभ्याने मीटिंग व्हायची. त्याचे पाय आपोआप थांबले. मगवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काल लॉगिनचं पान केलं. आज तेच दुरुस्त करणार. अडचण मीच आहे." सगळ्यांनी गंभीरपणे मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग जातच राहिला. चष्मेवालीने त्याची चूक शोधून दिली, दाढीवाला जेवायला बोलावू लागला. एकदा तापाने तो घरी राहिला, तर मगवाल्याचा मेसेज आला: मीटिंगला नव्हतास, बरा आहेस ना? धाकट्याने तो वहिनीला दोनदा वाचून दाखवला. पण एक भीती होतीच. ही त्यांच्या कंपनीची मीटिंग. उद्या त्यांचा साहेब आला आणि म्हणाला, हा कोण, तर सगळं गेलं, पुन्हा फ्रिज.

"सांगून टाका," वहिनी म्हणाली. "नाहीतर त्यांच्याकडे पगार मागून बसाल."

त्याने सांगून टाकलं. "मी तुमच्या कंपनीत नाही."

"कुठल्या कंपनीत?" दाढीवाल्याने विचारलं.

"तुमच्या."

दाढीवाल्याने चष्मेवालीकडे पाहिलं. कंपनी हिचीच, असं तो धरून चालला होता. चष्मेवालीला ती मगवाल्याची वाटत होती. मगवाला म्हणाला, "मी एकटा चहा पीत होतो. तुम्ही दोघं कामाचं सांगायला लागलात. मला वाटलं, इथली पद्धत असेल."

खोदून काढल्यावर निघालं ते असं: दाढीवाला फोनवर गिऱ्हाइकाला कालचं काम सांगत होता, आणि खिडकी उघडायला आलेल्या चष्मेवालीला ती मीटिंग वाटली. चौघंही एकेकटे काम करणारे, आपापल्या घरचे राजे. चौघंही निमूट आपापल्या टेबलांवर गेले. त्या दिवशी कोणी कोणाला जेवायला बोलावलं नाही.

दुसऱ्या सकाळी धाकटा भरलेली बाटली भरायला गेला. चष्मेवाली उघडीच खिडकी उघडत होती. मगवाल्याचा मग रिकामा होता. दाढीवाल्याने बंद फोन कानाला लावला होता.

मग दाढीवाल्याने फोन खिशात घातला आणि मधल्या मोकळ्या जागेला म्हणाला, "मला उद्या सुट्टी हवी होती."

कोणाकडे मागितली, कळेना. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. धाकट्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "उद्या कसं जमेल? केवढं काम पडलंय."

"आधी सांगायचं होतंस," चष्मेवाली म्हणाली.

दाढीवाल्याचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत त्याची सुट्टी कोणी नाकारली नव्हती.

"बरं," मगवाला म्हणाला, "काल काय केलंत?"

काल कोणीच काही केलं नव्हतं. चौघांनी ते आळीपाळीने सविस्तर सांगितलं.

संध्याकाळी वहिनीने विचारलं, मग कंपनी निघाली तरी कोणाची?

"ते कळलं नाही," धाकटा म्हणाला. "पण उद्या सुट्टी नाही."

"उद्या रविवार आहे, भावजी."

धाकट्याने फ्रिजकडे पाहिलं. तोही गप्प होता.