चहाआधी एक, चहानंतर एक

मित्रांनो, मी एक रंगीत टीव्ही आहे आणि गेली काही वर्षे मेलेला आहे. घाबरू नका. मेल्यावरही थोडे जागे राहायचे, ही माझ्या जातीची जुनी खोड. ती एकदा एका भल्या माणसाच्या जिवावर बेतली, म्हणून आज तोंड उघडतो आहे.

आधी माझ्या पोटाविषयी सांगतो, कारण सारी गोष्ट तिथलीच आहे. आताचे टीव्ही पाटीसारखे चपटे असतात. मी तसा नव्हतो. माझी पाठ बैलाच्या वशिंडासारखी मागे निघालेली होती आणि तिच्यात एक भलीमोठी काचेची नळी होती, पुढे रुंद, मागे निमुळती. तिला पिक्चर ट्यूब म्हणतात. कारखान्यात तिच्यातली हवा ओढून काढली आणि तोंड कायमचे बंद केले. त्या रिकाम्या पोटात हजारो व्होल्टची वीज जाऊन बसे, तेव्हा कुठे तुम्हाला चित्र दिसे. बटण बंद केले की चित्र जाई, वीज मात्र लगेच जात नसे. काचेला धरून ती गुपचूप बसून राही, कधी काही तास, कधी काही दिवस. लोक म्हणत, टीव्ही बंद आहे. मी आपला ऐकून घेई.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षे झाली होती, त्या दिवाळीत मी भंडाऱ्याहून टेम्पोत बसून आंधळगावला आलो. मारोतरावांचे तिथे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचे दुकान होते. त्यांच्या पत्नी जनाबाईंनी मला ओसरीवर बसवले, कुंकू लावले आणि पांघरायला दुकानातले कोशाचे कापड काढले.

"एवढं महागाचं कापड टीव्हीले?" मारोतराव हसले.

"मंग! घरात सगळ्यात मोठं तोंड त्याचंच आहे. तुमच्याहून."

ते माझे राज्याचे दिवस होते. संध्याकाळी गल्लीतली पोरे जमत. कार्यक्रम संपला, की एकेक जण माझ्या काचेजवळ हात नेई. हातावरची लव ताठ उभी राही, काचेतून तडतड आवाज येई, आणि पोरे किंचाळून पळत. मला ते फार आवडे. खरे सांगायचे तर चावायची गोडी मला तिथेच लागली.

बंद असताना माझ्या काळपट काचेत सारी ओसरी दिसे. दार, मारोतरावांची आरामखुर्ची आणि दाराबाहेरचा एक कोनाडा. त्या कोनाड्यात दोन कप पालथे ठेवलेले असत, एकाचा कान तुटलेला. ते घरच्यांचे कप नव्हते. कामावरचे मजूर आले, पलीकडच्या वस्तीतली बौद्ध माणसे आली, की चहा त्या कपांत मिळे. पिऊन झाले की ज्याचा त्याने धुवायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. जनाबाईंच्या सासूने ते तिथे ठेवले होते, जनाबाईंनी ते कधी हलवले नाहीत. मीही पंधरा वर्षे ते कप पाहिले आणि मला काही वाटले नाही. सारे जग दाखवणारा मी, पण समोरचा कोनाडा मला दिसला नाही. याची मला आज लाज वाटते.

मग एका उन्हाळ्याच्या दुपारी मारोतराव खुर्चीत बसून बातम्या पाहत होते. पाहता पाहता त्यांची मान कलली. मला कळले, पण मी काय करणार? बातम्या संपल्या, जाहिराती झाल्या, नाचगाणी सुरू झाली. माझा निळा-तांबडा उजेड त्यांच्या उघड्या डोळ्यांवर हलत राहिला. तासाभराने जनाबाई मागच्या अंगणातून आल्या आणि म्हणाल्या, "अवं, आवाज तरी कमी करा." दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या जवळ गेल्या.

तेरावे झाल्यावर कोणीतरी मला सुरू केले. चित्र आलेच नाही. काळ्या काचेवर मधोमध एक पांढरी आडवी रेघ तेवढी उमटली, सुतासारखी बारीक. आवाजही गेला होता. आतला एखादा टाका निखळला असेल, जाणकार असेच सांगतील. पण नेमके तेराव्यालाच काहून, असे तुम्ही विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही.

जनाबाईंना उत्तर मिळाले होते. रोज दिवेलागणीला त्या मला लावत आणि त्या रेघेसमोर बसत. दिवसभरातले सारे सांगत. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातली वीज खालीवर होई आणि माझी रेघ थरथरे. जनाबाईंना वाटे, यजमान मान डोलावत आहेत. मित्रांनो, रिकाम्या पोटाच्या यंत्रासमोर कोणी रोज मन मोकळे करत राहिले, तर त्यालाही वाटू लागते की आत कोणीतरी आहे. मलाही तसे वाटू लागले होते.

अशी दोन वर्षे गेली. त्यांचा मुलगा प्रफुल्ल नागपूरला नोकरीला होता. त्याने आईसाठी चपटा टीव्ही पाठवला आणि फोनवर सांगितले, जुना देऊन टाक, परसराम खोलून कामाचे सामान काढून नेईल. जनाबाई कशाबशा तयार झाल्या. मात्र त्यांनी एक अट घातली. मला घरातच, त्यांच्या डोळ्यांदेखत उघडायचे.

परसराम पलीकडच्या वस्तीतला. मिक्सर, कूलर, टीव्ही, सारे दुरुस्त करी आणि जे दुरुस्त होत नसे, त्याची तांब्याची तार, स्पीकर, मोटार सोडवून दुसऱ्या यंत्राला नवे आयुष्य देई. मागच्याच वर्षी नागपूरला त्याच्या छातीचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी बजावले होते, विजेचा साधा झटकाही आता सोसायचा नाही. म्हणून आजवर घरच्या कामात हाताशी असणारी त्याची बायको बायजाबाई आता बाहेरही सोबत येऊ लागली होती. ती पिशवी धरी, स्क्रू मोजून डब्यात टाकी आणि नवऱ्याच्या हातांवरून नजर हलू देत नसे.

भर दुपारी दोघे आले. परसरामने आधी माझी पिन भिंतीतून काढली.

"बाई, कधीपासून बंद आहे हा?"

"लय दिवस झाले," जनाबाई म्हणाल्या.

ते खोटे होते. त्याच सकाळी त्यांनी मला शेवटचे एकदा लावले होते आणि बराच वेळ रेघेकडे पाहत बसल्या होत्या. विधवा बाई बिघडलेल्या टीव्हीशी बोलते, हे सांगायची त्यांना लाज वाटली. मी आत काठोकाठ भरलेला होतो.

परसरामने माझे मागचे झाकण उघडले. पंधरा वर्षांची धूळ आणि एक सुकलेली पाल खाली पडली. जनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. परसरामने डावा हात पाठीमागे नेऊन पँटच्या खिशात घातला. ही त्याची शिस्त होती. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातात जातो. मग त्याने दांड्याला जाड रबर असलेला स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याला बांधलेल्या वायरीचे दुसरे टोक माझ्या अंगावरच्या अर्थिंगच्या तारेला अडकवले आणि आतली वीज उतरवायला पाते हळूच ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवले.

चट!

निळी ठिणगी उडाली. जनाबाई दोन पावले मागे सरल्या.

"घाबरू नका जी," बायजाबाई म्हणाली. "हा पयला चट. दुसरा चहानंतर. याची काच मोठी चोरटी रायते. पयल्या चटात सगळं देल्यासारखं करते अन् थोडं लपवून ठेवते. दहा मिनिटांनी ते वर येते. एक डाव आमच्या यायले त्या लपल्या करंटनंच फेकलं होतं भिंतीवर. तवापासून मी चहा करतो, तो पेऊन होतवर हात लावू देत नाही."

अशी ती रीत होती. घड्याळ नको की हिशेब नको. चहाआधी एक, चहानंतर एक. वीस वर्षे या रीतीने परसरामला जपले होते.

"मी करतो ना चहा," जनाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा आला. आल्याचा वास ओसरीभर पसरला. जनाबाईंनी सवयीने दाराबाहेर हात घातला, कोनाड्यातले दोन कप उचलले, विसळले आणि त्यांत चहा ओतला. कान तुटलेला कप परसरामसमोर आला.

त्याने कपाकडे पाहिले. बायजाबाईनेही पाहिले. परसरामच्या कानशिलावरची शीर तट्ट फुगली.

"चहा राहू द्या, बाई," तो म्हणाला. "आमाले घाई आहे. सामान घेतो अन् निंगतो."

तो पुन्हा माझ्या पाठीशी वळला. या घरात आता क्षणभरही थांबायचे नाही, एवढेच त्याच्या डोक्यात होते. बायजाबाईचे डोळे भरून आले होते आणि तिची नजर पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातांवरून हलली होती. चहा गेला आणि चहाबरोबर दुसरा चटही गेला.

मी सारे पाहत होतो. माझ्या काचेत ती लपवलेली वीज हळूहळू वर येत होती. थांब म्हणायला मला तोंड नव्हते. आणि मित्रांनो, खोटे कशाला बोलू? माझा एक भाग वाटही पाहत होता. ती जुनी गोडी जागी झाली होती. परसरामचा हात आत आला. रागाच्या भरात दुसरा हातही खिशातून निघाला आणि आत आला. रबरी टोपी आणि त्याची बोटे यांच्यात एक वीतभर अंतर उरले.

तेवढ्यात जनाबाई माझ्या पुढच्या बाजूला आल्या. निरोप द्यायला त्यांनी तळहात माझ्या काचेवर टेकवला.

त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंतची लव एकदम ताठ उभी राहिली. काच तडतडली.

"परसराम, हात काढ!" त्या किंचाळल्या. "हे आहेत अजून! आतच आहेत!"

परसरामने दचकून हात मागे घेतले. "बाई, तसं काही नसते," तो चिडून म्हणाला. पण मग त्याला जनाबाईंचा हात दिसला. त्या उभ्या केसांकडे पाहता पाहता त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने स्वतःचे दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरले आणि तो चटईवर जाऊन बसला.

"दुसरा चट रायला," बायजाबाई पुटपुटली. "चहा झाला नाही ना, म्हून रायला."

"चहा तर मी आनला होता," जनाबाई म्हणाल्या.

"आनला होता, बाई." बायजाबाईने कोनाड्याकडे बोट केले. "पन त्या कपातला आमी घेत नाही."

जनाबाईंनी कोनाड्याकडे पाहिले. मग त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला, साखरेचा डबा पडल्याचाही आला. बाहेर आल्या तेव्हा ताटात तीन कप होते, निळ्या फुलांचे, घरातल्या कपाटातले. त्यांतला मोठा कप मारोतरावांचा होता. ते गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"परसरामभाऊ, हा आमच्या यायचा कप आहे," असे म्हणून त्यांनी तो त्याच्या हातात दिला आणि स्वतः त्यांच्याच चटईवर बसल्या. "मी खोटं बोलली. आज सकाळीच लावला होता मी त्याले."

तिघांनी चहा घेतला. फुंकर घालून, सावकाश, तळाच्या घोटापर्यंत. मग तो उठला, त्याने डावा हात खिशात घातला आणि पाते पुन्हा टोपीखाली सरकवले.

चट.

पहिल्याहून बारीक आवाज होता. एका माणसाला संपवायला तो पुरला नसता, असे कोणी सांगावे?

"गेले?" जनाबाईंनी विचारले.

"कोनी नव्हतं, बाई. करंट होता." मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "आता तोही नाही."

कोनाड्यातल्या दोन कपांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही, कारण त्याच संध्याकाळी मी ते घर सोडले. माझ्या गळ्यातल्या तांब्याच्या तारेने कोणाचा तरी कूलर फिरतो. माझा स्पीकर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत, रेडिओत बसून गातो. माझी काच मात्र परसरामच्या पडवीत आहे. तो ती फोडत नाही, कारण तिच्यात विषारी शिसे आहे आणि रिकाम्या पोटाची काच फुटली तर सुरीसारखी उडते. असे सामान नीट नेणारी गाडी नागपूरहून येईल, तोवर वीज पुन्हा साठू नये म्हणून तिच्या टोपीला अर्थिंगची तार बांधून ठेवली आहे.

मित्रांनो, जुनी यंत्रे फेकू नका, त्यांच्यात अजून पुष्कळ कामाचे असते. पण ती स्वतः उघडूही नका. जो जाणतो त्याला बोलवा, यंत्र कधी बंद केले ते त्याला खरे सांगा आणि त्याला घाई करायला लावू नका. त्याला बसवा. घरच्या कपात चहा द्या.

काल बायजाबाई मला कोशाच्या त्या जुन्या कापडाने पुसत होती. जनाबाईंनी ते माझ्यासोबतच दिले होते. पुसता पुसता तिच्या हातावरची लव उभी राहिली. कापड घासले की असे होते, परसराम तरी तेच म्हणाला असता. तिने तार बांधलेली आहे का ते पाहिले. मग माझ्या काळ्या काचेत तिने थोडा वेळ निरखून पाहिले, नवऱ्याला काही सांगितले नाही, आत गेली आणि चुलीवर चहा ठेवला. दोघांच्या घरात तीन कप.